माठात टाकायचा वाळा बांधावर लावला तर माती अडते, पण मूळ उपटलंत की सगळं संपलं!

मार्च-एप्रिल उजाडला की बाजारात दोऱ्याने बांधलेल्या, मातकट रंगाच्या मुळांच्या जुड्या दिसायला लागतात. एक जुडी धुवून माठात टाकली की पाण्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. हा वाळा. हिंदीत खस, संस्कृतात उशीर. कूलर यायच्या आधी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी शिंपडायचे, ते पडदे याच मुळांचे. (बाटलीतलं खस सरबत हिरवंगार असतं, तो रंग घातलेला असतो. मूळ तपकिरीच आहे.)

गेल्या काही वर्षांत हा वाळा माठातून निघून थेट रील्समध्ये पोचला आहे. तिथे त्याचे दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतात. एकात सांगतात, "पाणी नको, खत नको, एकदा लावा आणि मुळांच्या तेलातून एकरी लाखो कमवा." दुसऱ्यात सांगतात, "हे गवत लावा, माती वाहणार नाही, दरडसुद्धा कोसळणार नाही."

दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. गंमत अशी की दोन्ही व्हिडिओ एकाच मुळाबद्दल आहेत. पहिल्यात ते मूळ खणून काढायचं आहे आणि दुसऱ्यात ते जमिनीतच राहायला हवं. या दोन गोष्टी एकाच ओळीत एकाच वेळी होत नाहीत. पण लाईक करणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही आणि रोपं विकणारे सांगत नाहीत.

म्हणून आधी हे गवत नेमकं काय आहे ते पाहू.

हे गवत वाढतं खाली

वाळ्याचं शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस. जुन्या पुस्तकांत व्हेटिव्हेरिया असं सापडेल. इंग्रजीतला 'व्हेटिव्हर' हा शब्द तमिळमधल्या 'वेट्टिवेर'वरून गेला आहे, अर्थ साधारण 'खणून काढलेलं मूळ'. म्हणजे नावातच फावडं आहे.

वरून पाहिलं तर हा उसाच्या पाचटासारखा ताठ पानांचा झुबका दिसतो, दीड ते दोन मीटर उंच. खरं काम मात्र जमिनीखाली चालू असतं. बहुतेक गवतांची मुळं वरच्या फूट-दोन फुटांत पसरतात. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, आणि जमीन खोल असेल तर पहिल्या वर्षभरात 3 ते 4 मीटरपर्यंत पोचू शकतात. आपल्याकडच्या माळावर हातभर मुरमाखाली कातळ लागतो, तिथे अर्थातच एवढी जाणार नाहीत. पण मुरमाच्या फटीत घुसायची त्यांची ताकद चांगली आहे.

दुष्काळात हे गवत तगतं ते यामुळेच. वरची माती वाळून भेगाळली तरी खालच्या थरातली ओल त्याला मिळत राहते. शिवाय पुन्हा फुटणारे कोंब जमिनीच्या किंचित खाली असतात. त्यामुळे उन्हाने पानं करपली, गुरांनी खाल्ली, वणव्यात जळाली तरी पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ठोंब परत हिरवा होतो. वर्षाला 300 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागातही वाळा टिकल्याच्या नोंदी आहेत.

आता इथे रील्सवाल्यांनी गाळलेलं वाक्य येतं. वाळा दुष्काळ सोसतो तो मुळं खोल गेल्यावर. लावल्या लावल्या नाही. नुकत्याच लावलेल्या रोपाला मुळं असतात बोटभर, आणि त्याला पाणी लागतं, इतर कोणत्याही रोपाला लागतं तसंच. "पाणी नको" ऐकून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोरडवाहू बांधावर रोपं लावली तर जानेवारीपर्यंत काड्या उरतात, आणि मग "आमच्याकडे वाळा येत नाही" असं गावभर होतं.

बांधावर लावलं तर शेतात घुसेल का?

गवताचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे पहिल्यांदा हरळी येते. एकदा शेतात शिरली की पिढ्यान् पिढ्या निघत नाही. त्यात वाळा आणि लव्हाळा ही नावं कानाला जवळची वाटतात, त्यामुळे आणखी घोटाळा. लव्हाळा म्हणजे जमिनीत गाठी धरून पसरणारं तण. त्याचा वाळ्याशी संबंध नाही.

वाळ्याला हरळीसारखे जमिनीवर पळणारे धुमारे नाहीत आणि लव्हाळ्यासारख्या पसरणाऱ्या गाठीही नाहीत. तो जिथे लावला तिथेच जाड होत जातो. बियांचं मात्र विचारून घ्यायला हवं. उत्तर भारतात नदीकाठी आपोआप वाढणाऱ्या रानटी वाळ्याला रुजणारं बी येतं. दक्षिण भारतात पिढ्यान् पिढ्या ठोंबांपासून लावत आलेला जो प्रकार आहे, त्याला तुरा आला तरी रुजणारं बी जवळपास धरत नाही. जगभरात माती अडवण्यासाठी जो वाळा पसरला तो या दक्षिणी प्रकारचा. 1990 च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा दक्षिण आशियाबाहेरचा बहुतेक वाळा जवळजवळ एकाच वाणाचा निघाला. बांधासाठी रोपं घेताना हाच, बी न धरणारा प्रकार मागायचा.

दुसरी एक फसवणूक साधी आहे. गवती चहाची रोपं वाळा म्हणून खपतात, कारण लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. पान चुरगाळून वास घ्या. लिंबासारखा वास आला तर गवती चहा. वाळ्याच्या पानाला वास नसतो, सगळा सुगंध मुळात असतो.

फिजीतला ऊस आणि गुंडलुपेटचे बांध

वाळ्याची माती अडवणारी ओळख जगाला झाली ती उसामुळे. 1950 च्या दशकात फिजी बेटांवर एक साखर कंपनी डोंगरउतारावर ऊस लावत होती आणि पावसात माती समुद्रात जात होती. जॉन ग्रीनफिल्ड हे तिथे कामाला होते. त्यांनी उताराला आडव्या वाळ्याच्या ओळी लावल्या. ओळींमागे गाळ साचत गेला आणि काही दशकांत तिथे माणसाच्या उंचीएवढे टप्पे तयार झाले.

हेच ग्रीनफिल्ड 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या पाणलोट प्रकल्पांसाठी भारतात आले. रिचर्ड ग्रिमशॉ या सहकाऱ्याबरोबर इथे वाळ्याचा प्रसार करताना त्यांना कळलं की कर्नाटकातल्या गुंडलुपेट भागातले शेतकरी हे आधीपासूनच करतात. त्यांच्या शेतांच्या हद्दीवर वाळ्याच्या जुन्या ओळी होत्या. कुणीही प्रकल्प राबवला नव्हता. कोवळी पानं गुरांना कापून घालायची आणि हद्द कायम ठेवायची, एवढाच व्यवहार. ज्या देशातून हे गवत गेलं, त्याच देशाला ते अहवालातून परत सांगावं लागलं.

आता या ओळी काम कशा करतात, ते आपल्या मातीच्या बांधाशी ताडून पाहू. मातीचा बांध पाणी अडवतो. जोराचा पाऊस झाला की पाणी मागे तुंबतं, जिथे बांध जरा खचलेला असतो तिथून फुटतं, आणि मग सगळं पाणी त्या एकाच तोंडातून जातं. खालच्या शेतात ओघळ पडते, पुढच्या वर्षी तिची घळ होते. काळ्या मातीत तर हे हमखास, कारण उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडतात. 1972 च्या दुष्काळापासून महाराष्ट्रात बांधबंदिस्तीची किती कामं झाली ते जुनी माणसं सांगतील. त्यातले किती बांध आज जागेवर आहेत, तेही विचारा.

वाळ्याची ओळ पाणी अडवत नाही. दाट ताठ काड्यांतून ते गाळून, हळू करून पुढे सोडते. पाण्याचा वेग मोडला की त्यातली माती तिथेच खाली बसते. आणि इथे मातीच्या बांधाला न जमणारी गोष्ट घडते: गाळ जसा चढतो, तसा वाळाही वर येतो. मातीत गाडल्या गेलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. बांध दरवर्षी झिजतो, ही ओळ दरवर्षी उंच होते.

आणखी एक फायदा आहे, तो कुठल्या अहवालात ठळक छापत नाहीत. आपल्याकडे भावाभावांत बोलणं बंद व्हायचं सगळ्यात जुनं कारण म्हणजे बांध कोरणं. दर नांगरटीला वीतभर इकडचं तिकडे. वाळ्याची पक्की झालेली ओळ नांगराला सहज दाद देत नाही, आणि ती स्वतःहून इकडे-तिकडे सरकतही नाही. गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी ती हद्दीवर का लावली असेल, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

लावायचा कसा?

रोप म्हणजे ठोंबातून सुटे केलेले दोन-तीन फुटवे, एकत्र. एकच फुटवा लावला तर मर जास्त होते. पानं वीतभर ठेवून छाटायची, मुळं चार बोटं ठेवून. शेणकाल्यात बुडवून घेतली तर बरं. लावेपर्यंत ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, नाहीतर बांधावर नेईपर्यंतच अर्धी वाळतात.

वेळ एकच: दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेली की. म्हणजे जूनचा शेवट ते जुलै. एवढं केलं की रोपाला मुळं सोडायला पुढचे दोन-अडीच महिने मिळतात.

ओळ कुठे आखायची हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ती उताराला आडवी, समपातळीत हवी. नजरेने "दिसतंय की सरळ" म्हणून आखली तर चुकतेच. श्रमदानाच्या कामांत अनेकांनी हातात घेतलेली ए-फ्रेम इथे उपयोगी पडते: तीन काठ्यांचा 'ए' आकार, वरून सोडलेली दोरी, टोकाला दगड. दोरी मधल्या खुणेवर थांबली की दोन्ही पाय एका पातळीत. तसं पावला-पावलाने चुना टाकत जायचं. ओळ तिरपी गेली तर पाणी तिच्या कडेने धावत जाऊन टोकाला ओघळ पाडतं. म्हणजे आपणच पाण्याला रस्ता करून दिला.

दोन ओळींत किती अंतर? इथे पावलं मोजायची नसतात, उंचीतला फरक मोजायचा असतो. साधारण एक ते दोन मीटर उतरलं की पुढची ओळ. जमीन शंभर मीटरला 5 मीटर उतरत असेल तर एक मीटरच्या हिशोबाने दर 20 मीटरवर ओळ येईल. शंभरात 2 मीटरचाच उतार असेल तर दर 50 मीटरवर.

ओळीतल्या दोन रोपांत 10 ते 15 सेंटिमीटर, म्हणजे आडवा पंजा टेकेल एवढं. "एवढं दाट कशाला, वाढेल की" म्हणून फूट-फूट अंतर ठेवायचा मोह होतो, कारण रोपं विकत घेतलेली असतात. पण ओळ फटीने हरते. पाणी फट शोधतं, शेजारच्या दाट भागाने अडवलेलं पाणीही त्याच फटीकडे वळतं, आणि गवत नसताना जेवढी माती तिथून गेली नसती तेवढी जाते. म्हणून लावल्यावर महिनाभरात एकदा ओळीने चालत जायचं आणि नांग्या भरायच्या. पुढच्या पावसाळ्यातही पुन्हा. ओळ भिंतीसारखी मिटायला एक ते तीन वर्षं लागतात.

100 मीटरच्या ओळीला दर 10 सेंटिमीटरवर एक म्हणजे हजार रोपं. ती सगळी विकत घ्यायची तर खिसा रिकामा होतो. त्यापेक्षा विहिरीजवळ, पाण्याच्या सोयीने एक वाफा करून आधीच्या वर्षी शंभर-दीडशे ठोंब वाढवले तर वर्षभरात प्रत्येकातून दहा-पंधरा रोपं सुटतात. एक वर्ष थांबायची तयारी हवी एवढंच.

पहिल्या वर्षी तीन गोष्टी सांभाळायच्या. तण, सावली आणि मोकाट गुरं. वाळ्याला सावली अजिबात सोसत नाही. आंब्याखाली लावला तर तो फक्त जगतो, वाढत नाही. ओळीला लागूनच तूर किंवा ऊस उंच झाला तर कोवळी रोपं दबून जातात, म्हणून पहिल्या हंगामात ओळीच्या दोन्ही बाजूंना जरा जागा मोकळी ठेवायची. पहिलं वर्ष काढलं की तण स्वतःच मागे पडतं.

त्यानंतरची निगा म्हणजे विळा. वर्षातून दोन-तीनदा गुडघ्याच्या खाली, फूट-सव्वा फूट उंचीवर कापायचा. कापल्याने फुटवे वाढतात, आत उजेड जातो आणि मधला वाळका गाभा साचत नाही. तो साचला की त्यात वाळवी शिरते. कोवळी पानं गुरं खातात. जुनी झाली की धारदार होतात, मग ती आच्छादनाला किंवा गोठा शाकारायला वापरायची.

मग तेलाचे लाखो रुपये?

वाळ्याच्या तेलाला मागणी खरी आहे. जगभरच्या अत्तरांत ते वापरतात, कनौजमध्ये तांब्याच्या डेगांतून 'रूह खस' काढतात, आणि लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने तेलासाठी खास वाणही काढले आहेत. पण तेल मिळतं वाळलेल्या मुळांच्या वजनाच्या साधारण 1 टक्का, वाण आणि पद्धत चांगली असेल तर थोडं जास्त. क्विंटलभर मुळांतून किलो-दीड किलो धरा. ऊर्ध्वपातन तासाभरात होत नाही, दिवस-दिवस चालतं. मुळं तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. आणि ती खणायला वाळूमिश्रित, भुसभुशीत जमीन हवी. भारी काळ्या जमिनीत मुळं तुटून आतच राहतात आणि वर आलेल्यांना चिकटलेली माती धुता धुता मजुरी संपते. जवळ तेल काढायची सोय आणि घेणारा ठरलेला नसेल तर पुढचा हिशोब मांडूच नका.

पैशाचं गणित जमलं तरी जमिनीचं उरतंच. ते पाहायचं असेल तर हैतीकडे बघा. कॅरिबियन समुद्रातला हा गरीब देश वाळ्याच्या तेलाच्या सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे. दक्षिणेकडे ले काय शहराच्या आसपास डोंगरउतारांवर शेतकरी वाळा लावतात, मात्र विकण्यासाठी. मूळ काढायचं म्हणजे उतारावरची जमीन फूट-दीड फूट खणून उलथायची. हातात पैसे नसले की मुळं पुरती पोसायच्या आधीच खणली जातात. त्यातून तेल कमी प्रतीचं, भाव कमी, म्हणून पुढच्या खेपेला आणखी खणायचं. आणि मोकळी झालेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. फिजीत ज्या गवताने टप्पे बांधले, तेच गवत हैतीत डोंगर उघडे करायला हातभार लावतं.

थायलंडने वेगळी वाट धरली. राजे भूमिबोल यांनी 1991 मध्ये वाळ्याचे प्रयोग सुरू करायला लावले आणि 1996 मध्ये वाळ्यावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद चिआंग राय इथे भरली. तिथे मुळं जमिनीत ठेवून लोकांना पानांपासून टोपल्या, पिशव्या, चटया करायला शिकवलं गेलं. कमाई तेलाएवढी नाही, पण उतार जागेवर आहे.

आपल्याकडे ज्याला तेलासाठीच लावायचा आहे त्याने सपाट, रेताड तुकडा घ्यावा आणि ते सरळ पीक समजावं. बांधावरची ओळ वेगळी. तिला फावडं लावायचं नाही, भाव कितीही चढला तरी.

दरडीचं काय?

30 जुलै 2014 ला माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. त्यानंतर तळिये, इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी "वाळा लावला असता तर" अशा पोस्ट येतात. वाळ्याचं मूळ मजबूत आहे यात शंका नाही. त्याची ताण सोसायची ताकद साध्या पोलादाच्या सहाव्या भागाएवढी मोजली गेली आहे. रस्त्याच्या कटाईचे उतार, कालव्यांचे आणि तळ्यांचे काठ, घरामागे खोदलेली मातीची भिंत, इथे वरचा दोन-तीन मीटरचा थर घसरू नये म्हणून तो उपयोगी आहे. पण डोंगराचा अख्खा भाग त्याच्याही खालून सुटतो तेव्हा मुळं वरच्या मातीबरोबरच खाली येतात. दरडीच्या छायेत असलेल्या वस्तीला वाळ्याची रोपं वाटून पुनर्वसनाचा विषय बाजूला ठेवता येणार नाही.

शेवटी, तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असलेला प्रश्न: बाजारातली जुडी कुंडीत पुरली तर उगवेल का? नाही. ती नुसती वाळलेली मुळं असतात, फुटवा येतो त्या वरच्या गड्ड्याशिवाय. कुंडीत हवाच असेल तर रोपवाटिकेतून गड्ड्यासकट ठोंब आणा आणि कुंडीऐवजी खोल बादली किंवा ड्रम घ्या, दिवसभर ऊन येईल तिथे ठेवा. वर्ष-दीड वर्षाने ड्रम आडवा करून मुळं कापली तर माठापुरती जुडी घरचीच होते. वरचे फुटवे सुटे करून परत लावायचे.